आईचा गळका नळ

गावी, भूमच्या घरी पोचले आणि खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधीच स्वयंपाकघरातून टप टप ऐकू आलं. बेसिनवरचा नळ गळत होता. खाली आईनं पितळी तपेलं ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं. वडील गेल्यापासून आई इथं एकटी राहते. दर खेपेला मी तिला पुण्याला चल म्हणते आणि दर खेपेला ती एकच उत्तर देते, "मला सगळं जमतंय इथं." आता तिला जमत नसल्याचा पुरावा समोर गळत होता. ह्या वेळी तिला घेऊनच जायचं म्हणून मी परतीच्या दोन सीटा आधीच काढून ठेवल्या होत्या.

"कधीपासून गळतोय हा?"

"गळंना का. तपेल्यातलं पाणी झाडाला घालते की."

हे काही माझ्या डोक्यात शिरेना. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल ह्याचा नेम नसतो. ज्या बाईनं तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा आम्हाला कधी ओतू दिलं नाही, ती गळका नळ खपवून घेते?

मी तडक बाजारातून वायसर आणि पान्हा आणला. गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला, नळ खोलला. जुना वायसर पार झिजला होता. नवा घातला आणि थेंब थांबला. आई दारातून बघत होती. "झालं?" एवढंच म्हणाली. तिचा चेहरा असा उतरला होता, जसं काही मी नळ मोडूनच ठेवलाय.

चहाच्या वेळी पुन्हा टप टप.

परत खोलला. वायसर चांगला दिसत होता, तरी दुकानात जाऊन भांडले. दुकानदारानं तो उजेडात धरून पाहिला. "ताई, ह्याला कायबी झालेलं न्हाय," म्हणाला, पण माझा अवतार बघून दुसरा दिला. तोही बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी होईपर्यंत नळ कोरडा होता, नंतर पुन्हा तेच. नळाचे आटे गेलेत की माझे, हेच मला समजेना.

दुपारी पाणी प्यायला उठले, तर आई बेसिनपाशी उभी. तिनं नळ घट्ट बंद केला, मग चिमटीत धरून किंचित सैल सोडला आणि मान कलती करून ऐकत राहिली.

"आई! तूच व्हय!"

दचकली. मग उलट माझ्यावरच डाफरली, "वरडू नको. गच्चीवर चढायला गुडघं ऐकत न्हाईत आता. टाकीत किती पाणी हाय ते कसं कळावं? थेंब भराभरा पडतोय तवर काळजी न्हाय. रेंगाळाया लागला की हौदावरची मोटर लावायची. टाकी मोकळी झाल्यावर कळलं आन लाईट नसली, तर काय करू मी?"

"मग मला सांगायचं ना!"

"गुडघ्याचं सांगितलं असतं तर ऐकून घेतलं असतंस? उचलून पुण्याला नेलं असतंस."

मला तिचा राग आला होता, कौतुकही वाटत होतं आणि रडूही येत होतं. गुडघे गेले म्हणून हिला न्यावं, की गुडघे गेले तरी घर चालवते म्हणून राहू द्यावं? पाणी कमी झालं की वाजेल अशी घंटी टाकीला बसवून देते म्हणाले, तर म्हणाली, "लाईट गेल्यावर ती बी गपच की."

निघायच्या दिवशी एक सीट रद्द केली. बरोबर केलं की चूक, ते मला अजून कळलेलं नाही. पिशवी दाराशी ठेवून स्वयंपाकघरात गेले, तपेलं सरकवलं आणि मीच नळ जरासा सैल सोडला.

बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, "लई पळतोय गं. जरा आवळ."

आवळला.

"आता हाय बरोबर. जा तू, गाडी चुकल."