उन्हाचं ऑफिस

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कूलरच्या टाकीत तळाशी गाळ साचावा, तसे ते साचतात. आमच्या ऑफिसात माणसं मोजून चार आणि किस्से पोतंभर!

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. हिंगण्याच्या कारखान्यांच्या गर्दीत आमची एक पत्र्याची शेड होती. बाकीचे लोखंड कापायचे, आम्ही सूर्यचुली बनवायचो. लाकडी पेटी, आतून काळी, वर काच, झाकणाला आरसा. उन्हात ठेवली की तीन तासांत वरण-भात तयार. धूर नाही, लाकूड नाही. देशकर साहेब इंजिनीयर, पुष्पाताई रांधून दाखवणार, गणपत ड्रायव्हर आणि मी फिटर. काम एक वर्षाच्या ट्रायलवर. लोकांना पटलं तर चुली खेड्यापाड्यांत जाणार, नाहीतर शेडला कुलूप.

पहिल्याच मे महिन्यात एका चुलीचा आरसा चुकून शेजारच्या कारखान्याच्या वॉचमनच्या खिशाकडे वळला. दहा मिनिटांत खिशातला कंगवा वितळून वाकडा! खोटं वाटत असेल तर त्याचा भांग पाहा. आजही कानावरून निघून नाकावर येतो.

* * *

एकदा दुपारी एक म्हातारी शेडच्या दारात येऊन उभी राहिली. चंद्रभागाबाई, उमरेडच्या पलीकडच्या गावची. दोन एसटी बदलून आली होती.

"उन्हावर भात शिजवते, तो दुकानदार कोन हाय?"

देशकर साहेबांना दुकानदार म्हटलेलं ऐकून गणपतने तोंडात रुमाल कोंबला.

"धुरानं माह्या सुनेचे डोये गेल्यासारखे झाले," बाई म्हणाली. "लाकडासाठी अर्धा दिवस रानात जाते. आमच्या गावात कवा येता?"

साहेबांनी ट्रायल, मंजुरी, अहवाल असं सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमचं पक्कं होयेपर्यंत तिनं डोये मिटून बसाचं काय गा?"

त्या दिवशी साहेबांनी डबा न उघडताच घरी परत नेला.

* * *

मग एका बड्या पाहुण्याच्या हस्ते जाहीर प्रात्यक्षिक ठरलं. व्यवस्था गणपतकडे. सकाळी अकराला पाहुणे आले, हार झाले, भाषणं झाली. दोन वाजता पुष्पाताईंनी झाकण उघडलं. तांदूळ जसेच्या तसे, नुसते आंघोळ करून बसलेले!

साहेबांनी वर पाहिलं. गणपतने मैदानभर झकास मांडव घातला होता. डबल छताचा!

"गणपत, सूर्यचूल सावलीत?"

"साहेब, पाहुण्याले ऊन लागलं असतं ना!"

* * *

महाल या शहरातल्या जुन्या वस्तीतल्या बायकांनी आमचा सगळ्यात जास्त अंत पाहिला. पेटी गच्चीवर ठेवली की दर पाच मिनिटांनी कोणीतरी झाकण उघडायची. "शिजलं का वं?" झाकण उघडलं की वाफ गेली. संध्याकाळपर्यंत डाळ कडकच. वरून तक्रार, की तुमची पेटी खोटी.

शेवटी पुष्पाताईंनी चुलीला हळद-कुंकू वाहिलं, वर सुपारी ठेवली आणि जाहीर केलं, "पूजा मांडलीय. तीन तास हलवायची नाही."

एकीचीही हात लावायची छाती झाली नाही. त्या दिवशी डाळ अशी शिजली, की साहेबांनी अहवालात लिहिलं, "यंत्रात आवश्यक ती तांत्रिक सुधारणा करण्यात आली."

* * *

आणि मग तो आला. मंजुरी द्यायची की नाही हे ठरवणारा परदेशी साहेब. थंड देशाचा, लालबुंद, हातात वही. चुली चालतात की नाही ते त्याला खेड्यात पाहायचं होतं. आम्ही त्याला थेट चंद्रभागाबाईच्या गावी नेलं. तिथे डोक्यावरून विजेच्या मोठ्या तारा गेलेल्या, रस्त्यावरून कोळशाच्या खाणीचे ट्रक धावतात आणि घराघरांत कंदील.

पुष्पाताईंनी अंगणात चूल मांडली. भात शिजेपर्यंत पाहुणा बोलायला लागला. दुभाषा मी.

"धुराने पृथ्वी तापत चाललीय. आम्ही चूक केली, तुम्ही करू नका. कोळसा कमी जाळा."

चंद्रभागाबाई माझ्याकडे वळली. "काहून गा, आमी कोळसा कवा जाळला? ट्रकच्या ट्रक तं इथून भाईर जाऊन राह्यले. चूक त्याईची अन् उपास आमी धराचा?"

मी शब्दन् शब्द सांगितला. देशकर साहेबांनी माझ्या पायावर बूट ठेवला.

"अन् इचार त्याले," बाई थांबेना, "त्याची गाडी तवापासून काहून घुरघुर करून राह्यली?"

बाभळीखाली पाहुण्याची गाडी दोन तास चालूच होती. आत एसी थंड राहावा म्हणून! तेही मी सांगितलं. साहेबांनी दुसरा बूटही ठेवला.

पाहुणा आणखी लाल झाला. स्वतः उठून गेला, गाडी बंद केली आणि परत येऊन सरळ जमिनीवर बसला.

"हां," बाई म्हणाली, "आता बोल म्हना."

त्याने वरण-भात तीनदा मागून घेतला आणि जाताना एक चूल आपल्या घरासाठी घेऊन गेला.

* * *

तीन महिने आम्ही शेडला लागणाऱ्या कुलपाची वाट पाहिली. कुलूप आलं नाही, पत्र आलं. मंजूर! चंद्रभागाबाईच्या गावात घरटी एक चूल, शिवाय गल्लीत उन्हावर चालणारे दिवे.

ट्रक भरून आम्ही गावात पोचलो. तिची सून पहिल्याच चुलीत तांदूळ लावायला बसली, तेव्हा मी पत्राचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. पाहुण्याने लिहिलं होतं, "माझी चूल अंगणात तशीच पडून आहे. इथे तीन आठवडे सूर्य दिसला नाही. मी काय करावं, हे कृपया त्या बाईंना विचारा."

चंद्रभागाबाईने आरसा सूर्याकडे वळवला, डोळे बारीक करून वर पाहिलं आणि म्हणाली,

"लिही त्याले, कोळसा नेला तसं ऊन बी ने म्हना. आमच्याकडं लय हाय. पन या बारीनं पयली पंगत आमची!"