ताटातली अर्धी भाकरी

त्या वर्षी माझ्या छातीत काहीतरी राहायला आलं होतं. मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. जेवण झालं की बरगड्यांमागे, गळ्यातलं इष्टलिंग जिथे टेकतं नेमकं तिथेच, गुरगुर सुरू व्हायची. मग काहीतरी हळूहळू वर सरकू लागायचं. आडवा झालो की तेच घशाशी येऊन जाळायचं. म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची मी सवय करून घेतली होती. एका दुपारी बायकोने छातीला कान लावला आणि चटका बसल्यासारखी मागे झाली. "अहो, आत कुणीतरी बोलतंय की!" मी हसण्यावारी नेलं, पण तिने पुन्हा कधी कान लावला नाही.

मी सोलापुरात मराठी शाळेवर मास्तर होतो. भुतंखेतं काही नसतात असं मुलांना छातीठोकपणे सांगणारा. वैद्यांनी पित्ताचं चूर्ण दिलं, डॉक्टरांनी नळी लावून हृदय अशक्त ठरवलं, शेजारणीने करणी म्हटलं. तिघांचंही ऐकलं, गुण एकाचाही आला नाही. मला मात्र मनातून वेगळंच कारण ठाऊक होतं. आदल्या श्रावणात आंघोळ करताना दोरा तुटून लिंग फरशीवर पडलं होतं. आम्हा लिंगायतांत ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. मी घाईघाईने उचललं, दोऱ्याला गाठ मारली आणि कुणालाही सांगितलं नाही. छातीतली गुरगुर म्हणजे त्याचाच कोप, अशी माझी खात्री होऊन बसली.

उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा मी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचा नेम धरला. दिवसातून एकदाच, दुपारी मठात प्रसाद घ्यायचा. ताटात पडेल ते कणभरही न टाकता संपवायचं, रिवाजाप्रमाणे ताट धुऊन ते पाणी प्यायचं आणि लगेच मठातल्या स्वामींच्या समाधीपुढे एकवीस दंडवत घालायचे. दिवसभराच्या रिकाम्या पोटात दोन भाकऱ्या, आमटी, सोमवारी वर गव्हाची गोड हुग्गी. आज हसू येतं. आजाराची एवढी बडदास्त कुणी ठेवली नसेल. तेव्हा मात्र रोज झिजत होतो आणि झिजतोय म्हणजे पाप फिटतंय असं समजत होतो.

बाराव्या दिवशी पंगतीत एक नवा म्हातारा वाढपी दिसला. उंच, वाळलेला, कपाळभर भस्म. भर दुपार होती, बाहेर ऊन रणरणत होतं, तरी तो जवळ आला तसा माझ्या अंगावर गारठा आला. त्याने भाकरी वाढली नाही. खाली वाकून माझ्या ताटातलीच अर्धी भाकरी उचलून घेतली. ताटात पडलेला प्रसाद कुणी परत नेत नाही. "साकू," तो कानडीत म्हणाला. पुरे. आजूबाजूचे लोक मान खाली घालून जेवत होते, कुणाचंच लक्ष नव्हतं. पुढे दंडवताला वाकलो तर छातीवर एक थंडगार तळवा टेकला. "वाकू नगं, तम्मा. उभ्यानं हात जोड."

असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "निजलास की वर येतंय न्हवं? बाजेच्या उशाकडल्या पायाखाली दोन विटा लाव. अन् करदोटा ढिला कर." हे मी मठात कुणालाही सांगितलं नव्हतं. भीतीपोटी मला राग आला. मी म्हणालो, "प्रसाद टाकला तर नेम मोडतो."

"पोट बी त्याचंच हाय की. त्यात किती मावतंय, ते त्याला ठावं न्हाय व्हय?"

हा माझा नेम मोडायला आलेला कुणी दुष्ट असावा, असंच मी धरून चाललो. चौथ्या दिवशी तो दिसला नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, दोन्ही भाकऱ्या आणि हुग्गी संपवली, ताटाचं पाणी प्यालो. सातव्या दंडवताला समाधीपुढेच मला काळपट रक्ताची उलटी झाली.

कुर्डुवाडीला रेल्वेत असलेला बायकोचा भाऊ धावत आला आणि आम्हाला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. रक्त थांबल्यावर छातीचा एक्स-रे काढायचं ठरलं. त्यासाठी लिंगाची चांदीची डबी गळ्यातून काढावी लागणार होती. मी ठाम नाही म्हणालो. शेवटी बायकोने तोडगा काढला, डबी माझ्या दंडाला बांधू म्हणाली. ती गाठ मारत असताना मला राहवलं नाही. "एकदा हे खाली पडलं होतं गं माझ्याकडून."

"ठाऊक आहे की मला," ती म्हणाली. "तुमचा गाठीचा दोरा मीच नाही का बदलला? तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते." मला रडू फुटलं. वर्षभर एकट्याने वाहिलेलं ओझं तिने गुपचूप अर्धं उचललं होतं.

अंधाऱ्या खोलीत त्यांनी मला खडूसारखी पांढरी लापशी पाजली आणि फळीवर डोकं खाली करून निजवलं. ते ओळखीचं सरकणं सुरू झालं. नंतर डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. छातीत, जिथे लिंग लोंबत असे नेमकं तिथे, एक पांढराशुभ्र गोळा होता. माझी बोबडी वळली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, ते तुमचं जठर आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. अन्ननलिका खाली उतरायला त्यात एक भोक असतं. तुमचं ते सैल झालंय, म्हणून जठराचा वरचा भाग छातीत चढतो. हृदय ठणठणीत आहे."

शस्त्रक्रिया होते, पण जोखीम मोठी. अन्न अडकू लागलं किंवा रक्त थांबेना झालं तरच तिचा विचार करू, असं ते म्हणाले. आम्लासाठी पूड दिली. मग बोटांवर मोजत सांगू लागले: "थोडंथोडं जेवा, पोटाला तडस लागू देऊ नका. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. वाकणं टाळा. कंबर आवळू नका. आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावा." मी बायकोकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं बोलणं मी तिला अजून सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर पहिल्यांदा मठ गाठला. वाढप्याला विचारलं, तो उंच म्हातारा कुठे गेला? वाढपी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघू लागला. "कुटला म्हातारा, मास्तर? वाढायला आमी दोघंच असतो." थोडं थांबून, चाचरत म्हणाला, "तीन दिस तुमीच आपल्या हातानं अर्दी भाकरी काढून बाजूला ठेवत हुता की. डोळं मिटून. अन् कुणाशी तरी कानडीत बोलत हुता. लई भ्या वाटायचं, म्हणून आमी इचारलं न्हाय."

एखाददुसरा शब्द सोडला तर मी सगळं मराठीतच ऐकलं होतं. मला कानडी चार शब्दांपलीकडे येत नाही.

मी बरा झालो नाही, हे प्रांजळपणे सांगतो. ते भोक आहे तिथेच आहे. काही दुपारी अजून काहीतरी सरकतं, गुरगुरतं. तेव्हा मी असेन तिथे उभा राहतो आणि त्याला खाली उतरायला वेळ देतो. शरण जाणं म्हणजे स्वतःला शिक्षा करत जमिनीवर लोळणं, असं मी समजत होतो. आपलं पोट, आपली चूक, आपलं भय देवाच्या हाती देऊन स्वस्थ राहणं मला फार उशिरा जमलं, तेही बायकोच्या आधाराने. तो म्हातारा बाहेर होता की माझ्यातच, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. ज्याच्या कोपाला भिऊन मी जमिनीवर डोकं आपटत होतो, त्यानेच छातीला हात लावून मला उभं केलं.