जुन्या सास्तूरची यादी

तव्यावर भाकरी, नळाखाली हंडा आणि दोन्हींकडं धावणारी राजेश्वरी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीही सकाळ तीच. नळाचं पाणी कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून ती भाकरी उलटून मोरीकडं निघाली आणि दाराची कडी वाजली.

दारात गल्लीतल्या सिद्धम्मा अज्जी आणि त्यांच्यामागं त्यांचा धाकटा भाऊ बसप्पा. तो गुलबर्ग्याहून दसऱ्याला आला होता, पंधरा वर्षांनी. गुडघे गेलेले. अकराच्या गाडीनं परत निघायचं आणि पुन्हा येणं व्हतंय का न्हाय, हे अज्जीच बोलून गेल्या. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा तो गुलबर्ग्याला डाळमिलमध्ये होता. आई गेली, घर बसलं, फोटो एकही राहिला नाही. आईचा चेहरा आता नीट आठवत नाही, हे त्यानं चपला काढता काढताच सांगितलं, चूक कबूल केल्यासारखं.

ती आई राजेश्वरीच्या घरी होती. चार सेकंदांची.

राजेश्वरी परंड्याची लेक, बी.कॉम. झालेली, रिकामं बसणं तिला कधी जमलंच नाही. चुलत सासऱ्यांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट भूकंपात वाचली, कारण तेव्हा ती नवरीच्या माहेरच्यांनी बघायला अक्कलकोटला नेली होती. जुनं गाव चालतं-बोलतं दिसतं ते तिच्यातच. राजेश्वरीनं ती कॉम्प्युटरवर घेतली, गल्लीतल्या लोकांचे फोटो, व्हिडिओ तिला जोडले आणि सगळ्यांची मिळून कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवर एक लायब्ररी केली. सोप्यातला टीव्ही आणि घरातले दोन्ही फोन तिथूनच वाचायचे. पण खरं काम पुढचंच होतं. कितव्या मिनिटाला कोण दिसतं, कोणाची कोण, हे तिनं चार वर्षं म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विचारलं आणि लायब्ररीच्या, कॉम्प्युटरमधल्या यादीत लिहिलं. सांगणाऱ्यांतली अकरा माणसं आता नाहीत. ती नावं दुसरीकडं कुठंच नव्हती. एक प्रत काढून ठेवू, म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

पाहुण्यांना बसवून तिनं टीव्ही लावला. यादी आली, चित्रं आली. बटण दाबलं तर फाइल सापडत नाही. फोनवर तेच, कॉम्प्युटरवरही तेच. कन्नड वचनांची दोन गाणी तेवढी तिच्या फोनवर वाजली, कारण ती फोनमध्येच उतरवलेली होती. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं गॅस बंद केला, पण नळ तसाच वाहत राहिला. घड्याळात दहाला पाच कमी.

विरेश, तिचा नवरा, चहा घेऊन आला आणि त्यानं रिमोट उचलला. टीव्ही विचारत होता, न सापडणाऱ्या नोंदी काढून टाकायच्या का?

"व्हय म्हण की. नव्यानं भरून घेऊ," तो म्हणाला.

"गाणी नव्यानं भरतील, नावं कुठून भरायची? बोट काढा आधी."

एरवी ती असं बोलत नसे. विरेशनं रिमोट टेबलावर ठेवला, चहासुद्धा तिथंच.

आधी यादीची प्रत काढायची, असं तिनं ठरवलं. पेन ड्राइव्ह घेऊन कॉम्प्युटरमागं वाकली, तर वरच्या भोकात एक पेन ड्राइव्ह आधीच खोचलेला, विरेशचा, आरत्यांचा. त्या भोकात तर लायब्ररीची डिस्क असायची. डिस्क खालच्या भोकात होती आणि तिच्या काळ्या डबीवर हळदीकुंकवाचं बोट होतं.

खंडेनवमीला विळा, कोयता आणि शिलाई मशीनच्या बरोबरीनं विरेशनं डिस्कचीही पूजा केली होती. तुझं हत्यार तेच न्हाय का, असं त्यानं विचारलं, आणि त्यावर तिला रागावताही येईना. पूजेवरून उचलून त्यानं ती दिसेल तिथं खोचली होती. कॉम्प्युटर जोडलेल्या प्रत्येक वस्तूला ओळखीचं एक अक्षर देतो; डिस्कचं अक्षर पेन ड्राइव्हला गेलं, डिस्कला पुढचं मिळालं. यादी मात्र जुन्याच अक्षरावर जाऊन शोधत होती. गाव हलल्यावर जुन्या जागेच्या पत्त्यावर पत्रं यावीत, तसं. माणसं सगळी होती, दुसऱ्या घरात.

तिनं यादीची प्रत आधी घरातल्या लॅपटॉपवर घेतली, मग पेन ड्राइव्हवर. मध्येच सिद्धम्मा अज्जींनी दोनदा गाडीची आठवण करून दिली. आरत्यांचा पेन ड्राइव्ह काढला, डिस्कला तिचं अक्षर परत दिलं. घाईत एकदा चुकलं, पुन्हा केलं. साडेदहा होऊन गेले होते.

मग बाविसावं मिनिट. मांडवाच्या कडेनं डोक्यावर पदर घेतलेली एक बाई हंडा घेऊन येते, कॅमेऱ्याकडं बघून लाजते, निघून जाते; तिच्यामागं आणखी तिघी.

"अव्वा," बसप्पा म्हणाला. आईला हाक मारावी तसा.

राजेश्वरीनं पुन्हा लावलं. पुन्हा. अज्जी उठून दारात उभ्या राहिल्या, पिशवी हातात. पाचव्या वेळी बसप्पा एकदम हसला आणि आईच्या मागं चाललेल्या तिघींकडं बोट केलं. ह्या आमच्या आळीतल्या, अव्वाच्या मागं मागंच असायच्या, म्हणाला, आणि काठी घेऊन उठू लागला.

चार वर्षांत त्या तिघींना कुणीच ओळखलं नव्हतं, लहानपणीच दुसऱ्या आळीत दिलेल्या अज्जींनीही नाही. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"मामा," राजेश्वरी म्हणाली, "त्या तिघींची नावं तेवढी सांगून जा."