वॉक्ट, कॉल्ड, वॉन्टिड

माणसानं काल काय केलं याच्याशी काडीचंही देणंघेणं न ठेवता, ते केलेलं तो इंग्रजीत कसं सांगतो एवढ्यावरच त्याची किंमत ठरवणारा इसम अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. तीर्थपुरीच्या शाळेत हे इंग्रजी शिकवायचे. आता निवृत्त झालेत, पण ते फक्त शाळेपुरतं. समोरचा ‘वॉकेड’ म्हणाला की यांचा हात सरळ त्याच्या गळ्याकडे जातो. मारायला नव्हे, नरडं थरथरतं का ते तपासायला. ‘वॉक’च्या शेवटी नरडं गप्प, म्हणून ‘वॉक्ट’. ‘कॉल’ला थरथरतं, म्हणून ‘कॉल्ड’. ‘वॉन्ट’ला मात्र पुरतं ‘वॉन्टिड’ म्हणायचं. वाटूरच्या एका लग्नात नवरदेव सहज ‘एमए पासेड’ म्हणून गेला. त्या अल्बमात नवरदेवाच्या गळ्यावर बोटं ठेवलेले साडू आणि शेजारी पांढरीफटक पडलेली नवरी, असा फोटो अजून आहे.

हे सगळं सोसलं माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं. ताई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. उच्चार चोख, आवाज गोड. साडूंचा आवाज म्हणजे फरशीवरून ओढलेलं घमेलं. म्हणून लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्यावर, पोरांना मोबाईलवर पाठवायची क्रियापदं त्यांनी ताईंच्या आवाजात भरून घेतली. त्या दिवसांत ताईंना खोकला लागला होता. दर शब्दाआधी दोनदा, बारीकसा. साडू पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. शेवटी त्या वैतागल्या. ‘‘राहू द्या हो, पोरं काय खोकला शिकून राह्यले का?’’ तो साधा खोकला नव्हता, हे कळायला आम्हाला फार उशीर झाला. त्याच वर्षी ताई गेल्या.

त्यांच्या दुसऱ्या पुण्यस्मरणाला आम्ही दोघं गेलो. भर दुपार, रणरणतं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका दारामागून बारीक खोकला आला, दोनदा, आणि मग ‘कुक्ट’. माझ्या बायकोनं माझं मनगट गच्च धरलं. ‘‘ताई खोकली वो.’’ मी म्हटलं, भास आहे. पुढे ओट्यावर गोट्या खेळणारं पोरगं दोनदा खोकलं आणि ‘प्लेड’ म्हणालं. पलीकडे भांडी घासणारी मुलगी खोकली. तोच खोकला, तेवढाच, तसाच.

साडूंच्या बैठकीत शिकवणीची पोरं ओळीनं बसलेली, आणि समोर ताईंच्या खुर्चीवर मोबाईल. ताई खोकल्या आणि म्हणाल्या, ‘कॉल्ड’. सगळी पोरं एकदम खोकली आणि म्हणाली, ‘कॉल्ड’. त्यातल्या निम्म्यांनी ताईंना कधी पाहिलंही नव्हतं.

‘‘दाजी, बंद करा हे,’’ बायको रडायलाच लागली. ‘‘आजारी माणसाचा खोकला लावून राह्यले तुम्ही पोरान्ला.’’

‘‘तिचा आवाज एवढ्यातच राह्यलाय,’’ साडू म्हणाले. ‘‘दुसरीकडं कुठंच न्हाई.’’

यंदाच्या हिवाळ्यात तो मोबाईल जळाला. साडू आधी वडीगोद्रीला गेले, मग जालन्याला. दुकानदारांनी हात टेकले. पोरांच्या घरच्या फोनमधून ते शब्द केव्हाच पुसले गेले होते. आम्हाला कळलं तसे आम्ही तीर्थपुरीला धावलो. माणूस आता खचणार, ही धास्ती होती.

बैठकीत पोरं होती. खुर्ची रिकामी. साडू कोपऱ्यात भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. ‘‘म्हणा,’’ ते म्हणाले. एकेक पोर खोकत होतं, शब्द म्हणत होतं, आणि दर खोकल्याला साडूंची मान किंचित हलत होती, आतून बायकोची हाक आल्यावर नवऱ्याची हलावी तशी. मी पायातल्या चपलाही न काढता दारातच उभा राहिलो.

शेवटी एक नवीच आलेली छोटी मुलगी उठली आणि खणखणीत म्हणाली, ‘वॉक्ट’. खोकली नाही. उच्चार असा, की एरवी साडूंनी तिला डोक्यावर घेतलं असतं.

साडूंनी डोळे उघडले. ‘‘चुकलं,’’ ते म्हणाले. ‘‘परत.’’

मुलगी भांबावून इकडंतिकडं बघायला लागली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. कुणी सांगायलाही धजेना. तेव्हा माझी बायको पुढे झाली, तिच्याजवळ खाली बसली, आणि तिनं बहिणीसारखं बारीक खोकून दाखवलं.