धाकट्यानं पाठवलेला गेम

माझं पूर्णेला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणून खंडेनवमीला आमच्या पाटावर स्क्रूड्रायव्हर, चिमटे आणि सोल्डरिंग गन मांडतात. यंदा बाबांनी त्या सगळ्यांच्या पुढे ठेवला तो माझ्या धाकट्या भावानं पुण्याहून पाठवलेला, हातात धरून खेळायचा गेम. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून बाबा दिवसभर त्यावर जुने टीव्हीवरचे गेम खेळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धाकट्याचं कौतुक ऐकवतात. दवाखान्यात नेतो मी, गोळ्या आणतो मी. माझं नाव मात्र त्यांच्या तोंडी येत नाही. मी धाकट्यावर जळतो, लपवून काय करू?

तर बाबांनी मनोभावे गंध लावलं. पातळ गंध ओघळून मेमरी कार्डाच्या खाचेत गेलं आणि गेम बंद पडला. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण धाकटा फोनवर लगेच म्हणाला की दुसरा पाठवतो. म्हणजे पुन्हा वर्षभर त्याच्याच आरत्या. मी म्हटलं, काही गरज नाही, मी करतो.

खाच साफ केली. कार्ड मात्र गेलं होतं आणि गेमची सगळी सिस्टीम त्यावरच असते. नव्या कार्डावर मी कंपनीची सिस्टीम टाकलीच नाही. कस्टम फर्मवेअर म्हणतात ती, हौशी लोकांनी बनवलेली सिस्टीम टाकली, म्हणजे धाकट्याचं त्यात काही उरायला नको. पडदा काळाच राहिला. या गेममध्ये वेगवेगळ्या बनावटीचे पडदे बसवलेले असतात आणि ज्याची त्याची फाईल वेगळी. तिसरी फाईल लागू पडली. गिऱ्हाइकांना उद्या या म्हणत मी दोन दिवस त्यालाच चिकटून होतो. बाबांचे आवडते गेम पहिल्याच पानावर आणले, अक्षरं मोठी केली.

या फर्मवेअरमध्ये गेम चालू होताना दिसणारं चित्र बदलता येतं. तिथं मी एक जुना फोटो टाकला. पूर्णा स्टेशनच्या बाकड्यावर बाबा गणवेशात बसलेत आणि त्यांच्या मांडीवर चार वर्षांचा मी. धाकटा तेव्हा जन्मायचा होता. रोज बटण दाबलं की आधी मी दिसावं, एवढंच मला हवं होतं.

बाबांनी गेम चालू केला. दोन-तीनदा बंद-चालू करून फोटो डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळला, चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, आता मला काहीतरी म्हणतील. त्यांनी धाकट्याला फोन लावला.

“अरे, गेम सुरू झाला बघ. आन् चालू केला की पयले आपला फोटू यायलाय, स्टेशनावरचा. तू माझ्या मांडीवर हायस. लय गुटगुटीत व्हतास.”

मी समोरच उभा होतो. फोन स्पीकरवर होता.

“हो बाबा,” धाकटा म्हणाला, “आठवतंय मला.”