म्हैस, सीडी आणि नवं व्हर्जन

"मॅडम, आता बघा," म्हणत गिरीशनं क्लिक केलं. पडद्यावरच्या म्हशीनं सावकाश मान वळवली आणि थेट माझ्याकडं बघायला लागली. कानसुद्धा हलवला. खोटं कशाला बोलू, मी खुर्चीतून उठलेच.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. राजारामपुरीत माझं ऑफिस होतं. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, मी आणि माझा डिझायनर गिरीश. लोकांच्या वेबसाइट आणि मल्टिमीडिया सीडी हे आमचं काम. मल्टिमीडिया सीडी म्हणजे चित्र, आवाज, व्हिडिओ एकत्र गुंफायचे आणि बघणारा बटण दाबेल तसं पुढं सरकायचं. ही गुंफण ज्यात करतात ते ऑथरिंग सॉफ्टवेअर. आमच्याकडं त्याचं जुनं व्हर्जन होतं. गिरीशनं एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून नव्याचं ट्रायल उतरवून घेतलं होतं. तीस दिवस फुकट, मग विकत घ्या नाहीतर विसरा. त्यातले नऊ दिवस उरले होते.

आणखी एक मेख होती. जुनी फाईल नव्यात उघडायची, पण नव्यात सेव्ह केलेली जुन्यात उघडत नव्हती. एकदा पलीकडं गेलं की परत येणं नाही. म्हणून मी प्रत्येक कामाच्या दोन कॉप्या ठेवायला लावल्या होत्या. गिरीश त्यावर रोज कुरकुरायचा.

डीलरनं फोनवर किंमत सांगितली तेव्हा मी आधी तांब्याभर पाणी प्यायले. पण खरी काळजी वेगळीच होती. गिरीशला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. तिकडं सगळे नव्या व्हर्जनवर.

"जुन्यावरच हात बसला तर उद्या मला कोण विचारणार, मॅडम?" तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. पण तो गेला तर ऑफिसात दोन कॉम्प्युटर आणि मी, एवढंच उरणार होतं. मला तो जायला नको होता. हे तेव्हा तोंडानं बोलले मात्र नाही.

सीडीचं काम होतं कुरुंदवाडकडच्या एका दूध सोसायटीचं. गोठा कसा ठेवावा, लस कधी टोचावी, धार कशी काढावी. गावोगावच्या संकलन केंद्रांवर लोक दूध घालायला रांगेत उभे असतात, तेव्हा ती त्यांना दाखवायची होती. सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा म्हणजे मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा माणूस. ऑफिसात येऊन नव्या व्हर्जनमधली म्हैस बघितल्यावर ते ओरडलेच, "आयला! ही माझ्याकडंच बघतीया की!"

गिरीशची कॉलर ताठ झाली.

"खरं, आमच्या सेंटरच्या मशिनवर पळंल का ही?" अण्णांनी विचारलं.

"पळेल की, अण्णा," गिरीश म्हणाला.

"तसं नको. गंगावेशीत कट्ट्यावर दूध पितो, तवा म्हस समोर उभी करून धार काढत्यात. डोळ्यांदेखत. तशी तुमची सीडी पळवून दाखवा, ताई. मग आमी व्हय म्हणू."

बोलणं चोख होतं. नव्या आणि जुन्या व्हर्जनमधली एकेक सीडी घेऊन आम्ही दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या दुधाला त्यांच्या सेंटरवर पोचलो.

सेंटरवरचा कॉम्प्युटर बघून गिरीशचा चेहरा पडला. मॉनिटरला हळदकुंकू, कीबोर्डवर प्लॅस्टिकची पिशवी, आणि आत रॅम म्हणाल तर नावाला. दुधाचं वजन आणि फॅट नोंदवायला ते मशीन पुरेसं होतं. बाहेर किटल्या घेऊन रांग लागलेली.

"आधी नवी लावतो," गिरीश म्हणाला.

म्हैस आली. लोक पुढं सरकले. म्हशीनं मान वळवायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबली. आवाज चालूच होता, "कास कोमट पाण्यानं धुवा." मग तोही थांबला. मशीन हँग! त्यावरची दुधाची नोंदही बंद पडली.

"ओ पावणं, म्हस बसली व्हय तुमची?" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"दूध नासलं तर तुमच्या घरात आणून वततो बघा!"

मशीन पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटं लागली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दहा मिनिटं. अण्णा शांतपणे म्हणाले, "आता दुसरी लावा."

जुन्या व्हर्जनमधली म्हैस दोन झटक्यांत मान वळवायची. कान हलतच नव्हता. पण ती चालली, कुठंही न अडकता. तेवढ्यात बायका फिदीफिदी हसायला लागल्या. पडद्यावर गडी धारेला बसला होता. शांताक्का म्हणून एक वयस्क बाई किटली खाली ठेवून पुढं आल्या.

"आवो ताई, ह्यो गडी उजव्या अंगाला कशाला बसलाय?"

"म्हणजे?"

"म्हशीला डाव्या अंगानं बसत्यात. तिला तीच सवय असती. ह्या बाजूनं गेला तर लाथ घालंल की! बादलीसकट जाईल गडी."

मी गिरीशकडं बघितलं. तो कानापर्यंत लाल झाला होता. फोटोतली म्हैस डावीकडं तोंड करून होती आणि आमची बटणं उजवीकडं. म्हशीनं बटणांकडं बघावं म्हणून यानं फोटो आरशातल्यासारखा उलटा फिरवला होता, त्यात गडीही डाव्या अंगाचा उजव्या अंगाला गेला होता. एका क्लिकमध्ये. महिनाभर आम्ही दोघं तेच बघत होतो आणि दोघांनाही काही खटकलं नव्हतं. लहानपणापासून मी कट्ट्यावर उभं राहून दूध पीत आले, पण धार काढणारा कुठं बसतो हे कधी बघितलंच नाही. नजर सगळी ग्लासातल्या फेसावर!

अण्णा हसून हसून बेजार झाले. मग डोळे पुसत म्हणाले, "ही सगळ्या सेंटरवर गेली असती तर लोकांनी माझी वरात काढली असती, ताई. बसायची बाजू ठावं न्हाय, आन् आमास्नी शिकीवत्यात म्हणून!"

परतीच्या एस.टी.त हातकणंगलं आलं तेव्हा गिरीशनं दोन्ही सीड्या पिशवीतून काढून मांडीवर ठेवल्या. मग म्हणाला, "मॅडम, अपग्रेड नको."

"का रे?"

"दोन्ही व्हर्जनमध्ये गडी उजवीकडंच बसला होता."

मला हसू आवरेना. मग मात्र मनातलं बोलून टाकलं. "अपग्रेड घेऊ या. एकाच मशिनवर. वेबसाइट त्यावर कर, सीडी जुन्यावर. तुला नवं शिकायला मिळायलाच पाहिजे. आणि पुण्याला जाऊ नकोस. मला तू इथं पाहिजेस."

त्यानं सीड्या परत पिशवीत ठेवल्या. "आधी म्हैस सरळ करू," एवढंच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात अण्णा शांताक्कांना घेऊन ऑफिसात आले. त्या फिरत्या खुर्चीत मांडी घालून बसल्या, सीडी दोनदा बघितली, चहा घेतला आणि म्हणाल्या, "आता बरूबर हाय." सीडी सगळ्या सेंटरवर गेली आणि चालली.

गिरीश पुण्याला गेला नाही. आज तो माझा पार्टनर आहे. नवं व्हर्जन आलं की अजूनही पहिल्याच दिवशी उतरवून घेतो आणि काय काय नवीन आहे ते मला हौसेनं दाखवतो. मी सगळं ऐकून घेते आणि दोनच प्रश्न विचारते. हे चालणार कुणाच्या मशिनवर? आणि शांताक्कांनी बघितलंय का?