ज्याची गाडी, त्याचा आवाज

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावद्यात केळीचा ट्रक भरून घेत होतो. फोन प्रकाशचा. पहूरला त्याचं औषधांचं दुकान आहे, आणि साधं काही सांगायचं तरी आधी लांबलचक प्रस्तावना करायची त्याची सवय. त्या दिवशी प्रस्तावना नव्हती. "सलीम, सुधा गेला रे. सकाळी, झोपेतच..." मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि हमालांना सांगितलं की खालचे घड दबताहेत, नीट लावा. ट्रक भरून होईस्तोवर तिथंच उभा राहिलो. घरी बायको म्हणाली, "असं कसं हो तुमचं?" असंच आहे. रडायला मला वेळ लागतो, आणि रडू आलंच तर माणसं आजूबाजूला नको असतात. आता काही आठवडे गेलेत, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही तिघं धुळ्याला पॉलिटेक्निकच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. सुधाकर धुळ्याजवळच्या एका खेड्यातला. पुढे तो जळगावच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवू लागला, प्रकाशनं दुकान टाकलं, मी वडिलांच्या केळीच्या धंद्यात गेलो. भेटी लग्नांत आणि मयतीत व्हायच्या. मग कधीतरी सुधाकरनंच टूम काढली की रविवारी दुपारी त्याच्या घरी जमायचं आणि कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायची. नातवंडं झालेली तीन माणसं, आणि खेळ हा! प्रकाश घरी सांगून यायचा की सुधाकडे भजन असतं. बरीच वर्षं त्याच्या घरच्यांना ते खरं वाटत होतं.

खेळ फुकट मिळणारा, जुनाट. तिघांना तीन कॉम्प्युटर लागतील असं मी म्हटलं, तर सुधाकरनं माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहिलं. "एकाच कॉम्प्युटरवर तीनदा उघडू की." आणि उघडला. एका मोठ्या टीव्हीवर तीन चौकटी, तिघांच्या हातात तीन रिमोट, तिन्ही गाड्या एकाच रस्त्यावर. आवाज मात्र तिन्ही गाड्यांचा एकाच स्पीकरमधून यायचा, सगळी खिचडी. कुणाची गाडी भिंतीला घासली, कुणाचं इंजिन ओरडतंय, काही कळायचं नाही. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण डोळ्यांना दिसत होतं.

सुधाकरला काचबिंदू होता. कळला तेव्हा उशीर झाला होता, आणि औषधं वेळेवर घेण्याच्या बाबतीत हा मास्तर स्वतः अगदी ढ. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही विरत गेलं. नोकरी मुदतीआधी सोडावी लागली. शर्यतीत तो हरू लागला आणि हरता हरता गप्प होऊ लागला. मंगलावहिनी, म्हणजे त्याची बायको, दारात उभ्या राहून बघायच्या आणि आत निघून जायच्या. आणि मग एका रविवारी सुधाकर जिंकला! पुढच्या रविवारीही जिंकला. खूश झाला, चहाबरोबर भजी मागवली. मला कळलं होतं. प्रकाश शेवटच्या वळणाआधी हळूच ब्रेक दाबत होता. मी तसलं काही केलं नाही. सुधाकर माझ्याआधी आला तर तो मला खड्ड्यात ढकलून आला पाहिजे, असं माझं मत. त्यामुळे जिंकायचो बहुतेक मीच, आणि ज्या दिवशी माझी गाडी उलटायची त्या दिवशी सुधाकर. प्रकाश मला बाहेर ओट्यावर नेऊन म्हणाला, "थोडं सबुरीनं घे ना. डोळे चाललेत त्याचे." मी म्हणालो, "डोळे चाललेत, अक्कल नाही." आमचं जरा वाजलंच.

सुधाकरला शंका यायला लागली असावी. भिंतीवर आदळूनही आपण पुढे कसे, हा हिशेब त्याला जुळेना. पण त्यानं ते बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाला, "मला माझी गाडी वेगळी ऐकू आली पाहिजे. ऐकून चालवीन." बाजारातून छोटी यूएसबी साउंड कार्डं आणली, जुने स्पीकर माळ्यावरून काढले, आणि मला एक दिवस मुद्दाम बोलावून घेतलं. तो टेबलाखाली बसून वायरी चाचपून लावणार आणि मी पडद्यावरचं वाचणार.

"वाच."

"काय वाचू? ढीगभर लिहिलंय."

"बठ्ठं वाच. तुले कोन निवडाले लाये?" म्हणजे सगळं वाच, निवडायचं काम तुला कुणी दिलंय?

आम्ही जो आवाज एका स्पीकरला पाठवायचो, त्याच्यामागे बाकीचे दोन्ही जायचे. कॉम्प्युटरला तिन्ही खेळ एकच वाटत होते, कारण तिघांचं नाव एक, जागा एक. मी कंटाळून म्हणालो, राहू दे. सुधाकर टेबलाखालूनच हसला. त्यानं मला सबंध खेळाच्या तीन प्रती करायला लावल्या आणि प्रत्येकीला वेगळं नाव द्यायला लावलं. नावं आमच्या गावांची, सुधाकरचं धुळे, प्रकाशचं पहूर आणि माझं सावदा. आता कॉम्प्युटरला ते तीन निरनिराळे खेळ वाटले. पहूरचा आवाज कपाटावरच्या स्पीकरला दिला, सावद्याचा दाराजवळच्या, आणि धुळ्याला दोन स्पीकर, सुधाकरच्या खुर्चीच्या डाव्या-उजव्या बाजूला, कारण चाक कोणत्या कडेला मातीत उतरलं ते त्याला कळायला हवं होतं. मी तिघांच्या गाड्या एकेक करून सुरू केल्या. कपाटावरून एक गुरगुरली, दाराशी दुसरी, आणि त्याच्या दोन्ही कानांशी त्याची स्वतःची. त्यानं मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली. म्हणाला, "ज्याची गाडी, त्याचा आवाज. अस्सं पाहिजे." वर मंगलावहिनींना ताकीद दिली की या टेबलामागे झाडू फिरवायचा नाही. वहिनींनी अर्थातच फिरवला. एक वायर निघाली आणि सावद्याची गाडी धुळ्याच्या कानाशी ओरडू लागली. नवरा-बायकोत त्या दिवशी जे झालं ते छापण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी प्रकाश आला. नव्या व्यवस्थेचं त्यानं तोंडभर कौतुक केलं. शर्यत सुरू झाली. सुधाकर अडखळत, घासत का होईना, पण रस्ता धरून होता. शेवटचं वळण आलं आणि कपाटावरच्या स्पीकरमधलं इंजिन खाली बसलं. एरवी कुणाच्या लक्षात आलं नसतं. त्या खोलीत मात्र ते तिघांनीही स्पष्ट ऐकलं. सुधाकरनं रिमोट मांडीवर ठेवला.

"पक्या, तू ब्रेक दाबना?"

प्रकाश म्हणाला, "अरे, हात निसटला."

"मी आंधया शे, बहिरा नही."

आम्ही एरवी आपसात साधी मराठी बोलायचो. अहिराणी त्याच्या तोंडून फार हसताना यायची, नाहीतर फार चिडल्यावर. तो हसत नव्हता. प्रकाशचा चेहरा पडला. "तुला जरा बरं वाटावं म्हणून केलं रे..." सुधाकर उठला, भिंत धरून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. वहिनी चहा घेऊन आल्या, तो कुणी प्यायला नाही. त्यानंतर कित्येक रविवार त्याचा फोन नव्हता. प्रकाश मला फोन करून करून हैराण. "मी काय पाप केलं सांग." पाप नव्हतंच ते. चांगलाच माणूस आहे तो. पण सुधाकरची नोकरी गेली होती, वाचन गेलं होतं, रस्ता ओलांडायला हात धरावा लागत होता. जिथं तो कुणाच्या उपकाराशिवाय बसत होता अशी ती एकच खुर्ची उरली होती. आता तीही गेली असं त्याला वाटलं.

शेवटी मी न सांगता जाऊन धडकलो. तो कॉटवर बसला होता, समोर रेडिओ, तोही बंद. मी म्हणालो, "मी कधी ब्रेक दाबला नाही."

"माहीत आहे. इतके दिवस तुझाच राग यायचा मला."

"मग आता?"

"आता त्या गधड्याचा येतो." मग म्हणाला, "त्याला घेऊन ये. पण सांगून ठेव, हरलो तर हरू द्यायचं."

तो हरला. महिनोन्महिने हरला. रस्ता मात्र कानांनी पाठ करत गेला. लाकडी पुलावर चाकं कशी वाजतात, खडी कुठे लागते, भिंत जवळ आली की इंजिनाचा आवाज कसा कोंदट होतो, सगळं. आणि एकदा, माझी गाडी धड असताना, मी जीव तोडून चालवत असताना, तो मला पुलावर गाठून पुढे गेला. मी रिमोट गादीवर आपटला आणि एक अशी शिवी हासडली की वहिनी आतून "अहो, सलीमभाऊ!" म्हणाल्या. सुधाकर पोट धरून हसला. जिंकल्याची खात्री त्याला माझ्या शिवीनं पटली. मला त्याचा खरोखर राग आला होता, आणि त्या दिवसाइतका तो मला नंतर कधी आवडला नाही.

दिवसकार्य उरकल्यानंतर मंगलावहिनींचा फोन आला. "रविवारी या दोघं." आम्हाला वाटलं, त्या सामान घेऊन जा म्हणणार. गेलो तर टीव्ही चालू, तिन्ही चौकटी उघडलेल्या. शेवटच्या काळात सुधाकर टीव्हीकडे पाठ करून, अंगणाच्या खिडकीकडे तोंड करून बसायचा, पडद्याचा उपयोगच नव्हता म्हणून. खुर्ची तशीच होती. वहिनी त्या खुर्चीवर तशाच, अंगणाकडे तोंड करून बसल्या. रिमोट उलटा धरला होता, मी तो सरळ करून दिला. "त्यांना कसं वाटत असेल ते एकदा बघायचंय," म्हणाल्या. ट्रक भरताना न आलेलं रडू आता यायला लागलं, मी माझा रिमोट उचलला.

गाड्या सुटल्या. वहिनींची पहिल्याच वळणावर भिंतीला भिडली, मागे आली, परत भिडली. कपाटावरचं इंजिन खाली बसलं. मी प्रकाशकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. मी काही म्हणणार एवढ्यात वहिनी खिडकीकडेच बघत म्हणाल्या, "प्रकाशभाऊ, इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकतेय मी. ब्रेक सोडा."

प्रकाशनं सोडला. आणि आम्ही दोघांनी वहिनींना हरवलं.